केडगावच्या माळावरची रमाबाई

पुण्याहून दौंडकडे रेल्वेने जाताना केडगाव नावाचं स्टेशन लागतं. तुमच्यापैकी कित्येकजण तिथून गेले असतील, बाजारासाठी उतरलेही असतील. आज त्या भागात ऊस दिसतो, गुऱ्हाळांचा वास येतो. स्टेशनपासून थोडं आत गेलं की मुक्ती मिशनची जुनी दगडी वास्तू आणि झाडी लागते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे काय होतं ते डोळ्यांपुढे आणायचं असेल तर आधी ऊस पुसून टाका, पाटाचं पाणी पुसून टाका. उरतो तो माळ, आणि तो विकत घेणारी पांढऱ्या लुगड्यातली एक विधवा.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. संस्कृतच्या विद्वान, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या, पुढे ख्रिस्ती झाल्या, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण या पानावर त्यांची आठवण काढायची ती दुष्काळासाठी. या बाईचं सगळं आयुष्य दोन दुष्काळांच्या मधे बांधलेलं आहे. पहिल्यात त्यांच्या घरातली माणसं गेली. दुसऱ्यात त्यांनी परक्यांची माणसं वाचवली. ख्रिस्ती धर्म ज्याला प्रीती म्हणतो ती त्यांना कळली कशी आणि त्यांनी आचरली कशी, हे समजून घ्यायचं तर पहिल्या दुष्काळापासूनच सुरुवात करायला हवी.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवायचं ठरवलं म्हणून जातभाईंचा रोष ओढवला, तेव्हा हा माणूस रानात जाऊन राहिला आणि तिथे तिला शिकवू लागला. पण तिथला संसार टिकला नाही. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. लेकराला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावर देऊन नेलं. तेव्हापासून पुढे घर असं राहिलंच नाही. देवळात बसायचं, पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर चालायचं. आईने रमाबाईंना संस्कृत शिकवलं. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला तोंडपाठ होते.

मग 1870 नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ आला. लोकांच्याच घरात दाणा नाही तर पुराणिकाला कोण देणार? होतं नव्हतं ते विकलं. जे पैसे उरले ते देव प्रसन्न व्हावा म्हणून दानात घातले. भांडी गेली, कपडे गेले. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात जाऊन मरायचं असं सगळ्यांनी ठरवलं. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यावर काढले. म्हातारे, आंधळे झालेले वडील गेले, तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. थोड्याच दिवसांत आईही मरणाला टेकली. आईने खायला मागितलं म्हणून रमाबाई शेजारच्या घरी गेल्या, पण तोंडातून शब्द निघेना. मागायची सवय नव्हती, लाज आडवी आली, नुसतं रडू कोसळलं. त्या घरच्या बाईने ओळखून बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो आईपर्यंत पोचला, पण आईला गिळता आला नाही. प्रेत उचलायला माणसं मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ, आणि चौथा खांदा या मुलीचा. उंची कमी, म्हणून तिरडीचं टोक डोक्यावर घेऊन तीन मैल चालत गेली.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या कुटुंबाला विद्या होती, काम नव्हतं. हाताने करून खाण्यासारखं काहीच कुणाला शिकवलेलं नव्हतं. मजुरी करणं कमीपणाचं, भीक मागणंही कमीपणाचं. रमाबाईंनी पुढे हे सगळं स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि कुळाचा तो अभिमान आपल्याला किती महागात पडला हे लपवलेलं नाही. दुष्काळ आपल्या शेतकऱ्यालाही मारतो. पण निदान तो खडी फोडायला जातो, रोजगार हमीच्या कामावर जातो, ऊसतोडीला जातो. ज्याला फावडं कसं धरायचं तेच ठाऊक नाही त्याचं काय होत असेल? डोंगरे कुटुंबाचं झालं तेच.

थोरली बहीण पटकीने गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघे हजारो मैल हिंडले, बरंचसं पायीच. थंडीत अंगावर घ्यायला काही नाही, म्हणून झेलम नदीच्या काठी खड्डे खणून, गळ्यापर्यंत कोरडी वाळू ओढून झोपले. 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे या मुलीचं संस्कृत ऐकून पंडित चकित झाले आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. 1882 च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेलं. रमाबाई तेव्हा चोवीसच्याही नव्हत्या.

तान्ही पोर घेऊन त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं. स्त्रीधर्मनीति नावाचं पुस्तक लिहिलं, त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले. जायचं होतं डॉक्टरकी शिकायला. ते जमलं नाही, कारण ऐकायला कमी येत होतं. जमलं ते दुसरंच.

वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. त्या जोगिणींचं लंडनमध्ये फुलहॅम भागात एक घर होतं. वाकड्या वाटेला लागलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे आणून सांभाळत. रमाबाईंनी ते घर पाहिलं आणि त्या थबकल्या. अशा बाईला आपल्याकडे काय वागणूक मिळते हे त्यांनी देशभर हिंडून पाहिलेलं होतं. इथे तिला कुणी हाकलत नव्हतं, तिची शुश्रूषा करत होते. असं का करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा जोगिणींनी येशूची आणि विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या त्या बाईशी येशू बोलला, तिच्याकडे त्याने पाणी मागितलं. दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्यांचं दुःख ठाऊक असलेल्या माणसाला ही गोष्ट कुठे लागली असेल ते तुम्ही समजू शकता. 29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाई आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इथे पुष्कळांचा असा समज होतो की साहेबांनी बाईंना बाटवलं आणि बाई साहेबांच्या झाल्या. कागदपत्रं वेगळंच सांगतात. बाप्तिस्म्यानंतरही त्या जोगिणींशी आणि पाद्र्यांशी वाद घालत राहिल्या. शिकवलेलं सगळं डोळे मिटून मानायला त्या तयार नव्हत्या, गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, म्हणून हटून बसल्या. मांस खाल्लं नाही, लुगडं सोडलं नाही, कुठल्या एका पंथाच्या दावणीला बांधून घेतलं नाही. हिंदू पंडितांचं न ऐकणारी बाई बिशपचं ऐकेल अशी आशा करणाऱ्यांचंच चुकलं म्हणायचं.

पुढे अमेरिकेत अडीच-तीन वर्षं व्याख्यानं देऊन त्यांनी मदत उभी केली. बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि दहा वर्षं खर्च चालवायचं त्याने कबूल केलं. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. उच्चवर्णीय विधवांसाठी ही शाळा. सोवळ्याओवळ्यासकट सगळं सांभाळायचं, कुणाच्या धर्मात हात घालायचा नाही, असा करार. सुरुवातीच्या मुलींत गोदूबाई होत्या. 1893 मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्याच आपल्या आनंदीबाई कर्वे.

आणि त्याच 1893 मध्ये भांडण पेटलं. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या. काही मुली येऊन बसू लागल्या. बाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही, पण आलेल्याला हाकलणारही नाही. केसरीने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीसेक मुली काढून नेल्या. आज मागे वळून पाहताना सगळा दोष पुण्याच्या सनातन्यांवर टाकणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. ज्यांनी विश्वासाने आपल्या विधवा लेकी पाठवल्या त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, पुढे त्यातल्या काहींनी बाप्तिस्मा घेतलाच. पण दुसरी बाजूही बघा. घरी नेलेल्या त्या मुलींचं पुढे काय व्हायचं होतं? केशवपन, अंधारी खोली आणि दुसऱ्याच्या घरचं रांधणं. धर्म राखण्याची काळजी जितकी होती तितकी त्या मुलींची काळजी किती जणांना होती, हा प्रश्न त्या वेळीही उरलाच.

अमेरिकेच्या मदतीची मुदत 1898 ला संपणार होती. बाई हिशेबी होत्या. दुसऱ्याच्या देणगीवर जन्मभर जगायचं नाही हे त्यांनी लहानपणी शिकून ठेवलेलं. म्हणून केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. विहिरी खोदायच्या, फळझाडं लावायची, बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची, असा बेत. मोठ्या पंडिता पुण्याहून येऊन माळावर विहिरीच्या कामाची देखरेख करताहेत, हे दृश्य तेव्हाच्या शिकलेल्या लोकांना चमत्कारिक वाटलं असणार. पण दुष्काळात होरपळलेल्या माणसाला विहिरीची किंमत सांगावी लागत नाही.

झाडं पुरती वाढायच्या आतच दुसरा दुष्काळ आला. 1896 सालचा. मध्य प्रांतातून, जबलपूरकडून बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंच्या हातात पैसा नव्हता. तरी त्या उठून गेल्या. अन्नछत्रं, अनाथालयं, झाडाखाली पडलेली माणसं पाहत हिंडल्या. भुकेच्या जोडीला आणखी एक संकट त्यांनी हेरलं. अनाथ पोरींवर नजर ठेवून दलाल फिरत होते. मूठभर धान्यासाठी मुली वेश्यावस्तीत विकल्या जात होत्या. स्वतःच्या सोळाव्या वर्षी अशाच रानात पडलेल्या मुलीला यावर सल्ला देत बसणं शक्य नव्हतं. त्यांनी तीनशे मुली सांभाळायचं मनात धरलं आणि आगगाडीने टोळ्या आणायला लागल्या.

या मुली कशा होत्या याची कल्पना करा. अंगावर खरूज, डोक्यात जखमा, पोट खपाटीला. भाकरी दिली तर अर्धी खाऊन अर्धी लपवून ठेवायच्या, कारण उद्या मिळेल याचा भरवसा नाही. चोरी करायच्या, मारामाऱ्या करायच्या, आंघोळ नको म्हणायच्या. प्रेम करायला सोप्या अशा त्या मुळीच नव्हत्या. त्यात पुण्यात प्लेग. शहरात इतक्या मुली ठेवायला सरकारने बंदी केली. मग केडगाव. माळावर गवताच्या झोपड्या आणि राहुट्या टाकल्या आणि तिथेच बिऱ्हाड थाटलं. शारदा सदनातल्या शिकलेल्या मुलींनी या पोरींना वाटून घेतलं. ज्यांनी कधी परक्या जातीच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं, त्या आता परजातीच्या लेकरांचे केस विंचरत होत्या, जखमा धूत होत्या. ख्रिस्ती प्रीती म्हणून जे म्हणतात ते केडगावला उवा काढण्यापासून सुरू झालं.

रमाबाई मऊ होत्या असं मात्र समजू नका. प्लेगच्या इस्पितळातल्या गैरकारभाराबद्दल त्यांनी 1897 मध्ये वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा मुंबई सरकारला ते चांगलंच झोंबलं. हिंदू समाजाला बोलणारी बाई इंग्रज सरकारलाही सोडत नव्हती.

24 सप्टेंबर 1898 रोजी मुक्ती सदनाचं समर्पण झालं. वर्ष-दीड वर्षात गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला. बाईंनी माणसं धाडली आणि शेकडो मुली आणवल्या. 1900 च्या सुमाराला केडगावात एकोणीसशेच्या आसपास बायका-मुली होत्या. एवढ्या तोंडांचा रोजचा दाणागोटा म्हणजे काय, हे लग्नघरात दोन दिवस कोठी सांभाळलेल्या बाईला विचारा. इथे मांडव उतरतच नव्हता.

त्या माळावर मग एक गावच उभं राहिलं. शेती, गोठा, तेलाचा घाणा, हातमाग, शिवणकाम, धोबीकाम, दळणकांडण, छापखाना. प्रत्येक मुलीने अक्षर शिकायचं आणि एखादं काम शिकायचं. नुसतं शिकून भागत नाही हे डोंगऱ्यांच्या लेकीहून जास्त कुणाला ठाऊक असणार? गडीमाणसावर न सोपवता जवळजवळ सगळं बायकांनीच करायचं. आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन होतं. मनोरमा अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आली होती, ती त्यांना बोटांनी वाचायला शिकवू लागली. म्हाताऱ्या, निराधार बायकांसाठी प्रीती सदन. आणि फसवल्या गेलेल्या, घराबाहेर काढलेल्या बायकांसाठी कृपा सदन. फुलहॅमला पाहिलेलं घर सोळा वर्षांनी केडगावला असं उतरलं.

या मुलींतल्या बहुतेक ख्रिस्ती झाल्या. अन्नासाठी धर्म, हा आरोप तेव्हा झाला, आजही अधूनमधून होतो. उपाशी पोराला निवड करायची मोकळीक कितपत असते, हा प्रश्न खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. रमाबाईंनी तो फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. आपल्याला जे मिळालं ते द्यायचंच, अशी त्यांची धारणा होती. पण हा आरोप करणाऱ्यांपैकी त्या वर्षी जबलपूरच्या झाडाखालून किती जणांनी मुली उचलून घरी आणल्या, हेही विचारायला हवं. कर्व्यांसारखी माणसं निघाली, त्यांनी आपापल्या परीने विधवांसाठी आश्रम काढले. अशी माणसं थोडी होती. रमाबाईंचा समाजाने बराच काळ धसका घेतला, मग बराच काळ विसर पाडून घेतला. 1989 मध्ये त्यांचं पोस्टाचं तिकीट निघालं, तोवर त्यांच्या मरणाला सदुसष्ट वर्षं झाली होती.

एक काम राहिलं. मराठीत जे बायबल होतं ते खेड्यातल्या बाईला कळत नाही, त्यात संस्कृत शब्दांची दाटी फार, असं रमाबाईंना वाटे. संस्कृत ज्यांना कोळून प्यायलेलं होतं त्यांनीच असं म्हणावं, हे विशेष. म्हणून म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी मुळातून भाषांतर करायला घेतलं. शेवटची पंधराएक वर्षं त्यातच गेली. त्यांची ही मराठी पंडितांना ओबडधोबड वाटली. शब्दाला शब्द लावण्याच्या नादात ती कुठे कुठे अडखळते हे खरं. पण ती ज्यांच्यासाठी लिहिली त्या कुठे पंडित होत्या?

खिळे जुळवायला, छापायला, कागद दुमडायला मुक्तीतल्याच बायका होत्या, दुष्काळातून आणलेल्या. ज्यांना आणलं तेव्हा नाव सांगता येत नव्हतं, त्या आता मुद्रितं काढत होत्या. काम चालू असतानाच जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. चाळिशीची, आईचा उजवा हात. संस्था तिच्या हाती सोपवायची असं ठरलेलं होतं. रमाबाईंनी दुःख गिळलं आणि पुन्हा मजकुराला हात घातला. भाषांतराचं काम हातावेगळं झालं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या केडगावलाच गेल्या. छपाई उरली होती. ती बायकांनी पुढे चालू ठेवली आणि 1924 मध्ये बायबल बाहेर पडलं.